वाकडा कणा आणि वेगवान पाऊल

बर्लिन येथे १६ ऑगस्ट २००९ रोजी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत जमैकाच्या उसेन बोल्टने १०० मीटरचे अंतर ९.५८ सेकंदांत कापले आणि चारच दिवसांनी २०० मीटरची शर्यत १९.१९ सेकंदांत जिंकली. मानवी वेगाची ही परिसीमा मानली जाते. परंतु ज्याच्या नावावर हे विक्रम नोंदलेले आहेत, त्या धावपटूचा पाठीचा कणा सरळ नाही. तो बाजूला वळलेला आहे. वैद्यकशास्त्र या अवस्थेला स्कोलिओसिस, म्हणजे कण्याची पार्श्ववक्रता असे म्हणते. त्याचा उजवा पायही डाव्या पायापेक्षा सुमारे अर्धा इंच आखूड आहे.

शरीर समतोल असल्याखेरीज क्रीडेत प्रावीण्य मिळत नाही, असा समज सर्वत्र रूढ आहे. मुलाच्या एका खांद्याची उंची थोडी कमी दिसली किंवा मुलीच्या कंबरेची एक बाजू वर आल्यासारखी वाटली, की घरात काळजीचे सावट पसरते. कोणी खेळ बंद करवतात, कोणी हाडे ‘बसवून’ घेण्यासाठी धाव घेतात, तर कोणी ही गोष्ट चारचौघांत कळू नये म्हणून गप्प राहतात. तिन्ही मार्ग मुलांच्या हिताचे नाहीत. म्हणून कणा व कंबर यांची ठेवण नेमके काय करते आणि काय करीत नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

तराजूची दांडी

मानवी कण्यात मानेचे ७, छातीच्या मागचे १२ आणि कंबरेचे ५ असे चोवीस मणके सुटे असतात. त्यांच्या खाली त्रिकास्थीचे ५ मणके एकजीव झालेले असतात आणि अगदी टोकाला माकडहाड असते. बाजूने पाहिल्यास कणा सरळ काठीसारखा नसतो. मानेत व कंबरेत तो पुढे, तर छातीच्या मागे मागच्या बाजूला झुकलेला असतो. या वळणांमुळेच उडी मारताना किंवा धावताना बसणारे हादरे तो सोसू शकतो. समोरून वा पाठीमागून पाहिल्यास मात्र तो सरळ दिसावा, अशी अपेक्षा असते.

त्रिकास्थी दोन्ही बाजूंच्या कटिअस्थींमध्ये पाचरीसारखी बसलेली असते. या तिघांचे मिळून जे हाडांचे कडे तयार होते, त्याला श्रोणी म्हणतात. वरचा सारा भार याच कड्यावर येतो आणि येथूनच तो दोन पायांत विभागला जातो. व्यापाऱ्याला तराजूची उपमा चटकन पटेल. श्रोणी ही दांडी आणि दोन पाय ही पारडी. दांडी कलली की एका पारड्यावर अधिक ओझे येते. मात्र ही दांडी लोखंडाची नसून तिला पोट, पाठ, नितंब व मांड्या यांच्या स्नायूंनी सर्व बाजूंनी तोलून धरलेले असते. लोखंडी दांडीचा तोल केवळ तिच्या आकारावर ठरतो, शरीराच्या दांडीचा तोल तिला धरणाऱ्या स्नायूंच्या बळावर आणि त्यांच्या वेळेवर होणाऱ्या हालचालीवर ठरतो. पुढील सर्व विवेचनाचा पाया हा एवढाच भेद आहे.

एका पायावरचा खेळ

चालताना काही क्षण दोन्ही पाय जमिनीवर असतात. धावताना तसे कधीच घडत नाही. धावणारा मनुष्य एका पायावरून दुसऱ्या पायावर झेपावत असतो. साध्या धावेत प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट बल पायावर येते, वेगवान धावेत ते त्याहूनही वाढते. निष्णात धावपटूचे पाऊल जमिनीवर सेकंदाचा जेमतेम दहावा भाग टिकते. तेवढ्या अवधीत श्रोणी स्थिर राहिली, तरच पायाने जमिनीला दिलेला रेटा शरीराला पुढे नेतो. ती डळमळली की त्यातील काही शक्ती व्यर्थ जाते.

उजव्या पायावर उभे असताना श्रोणीची डावी बाजू खाली पडू न देण्याचे काम उजव्या नितंबाच्या बाजूचे स्नायू करतात. ते दुर्बल असतील तर डावी बाजू खाली ढळते. जर्मन शल्यचिकित्सक फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ साली या लक्षणाचे वर्णन केले आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. असा खेळाडू धावू लागला की मांडी आत वळते व गुडघ्यावर तिरपा ताण येतो. दुखतो गुडघा, परंतु दुबळेपण असते खुब्यापाशी. उपचार गुडघ्यापुरताच झाला, तर दुखणे वारंवार उलटते.

श्रोणीचा पुढे-मागे होणारा कलही महत्त्वाचा आहे. मांडीच्या मागचे स्नायू, ज्यांना खेळाडू हॅमस्ट्रिंग म्हणतात, ते बसताना टेकणाऱ्या कटिअस्थीच्या खालच्या भागाला जोडलेले असतात. श्रोणी पुढच्या बाजूला अधिक झुकली की हा भाग वर उचलला जातो आणि ते स्नायू आधीच ताणले जातात. वेगाने धावताना पाय पुढे फेकला जाऊन जमिनीवर टेकण्यापूर्वीच्या क्षणी याच स्नायूंवर सर्वाधिक ताण येतो. तेव्हा आधीच ताणलेल्या स्नायूजवळ राखीव लांबी उरत नाही. धावपटू धावता धावता एकाएकी मांडी धरून थांबतो, त्यामागे अनेकदा अशी कारणपरंपरा असते.

बोल्टने काय केले

बोल्टचा आरंभ दैदीप्यमान होता. २००२ साली किंग्स्टन येथे, अवघ्या पंधराव्या वर्षी, तो २०० मीटरमध्ये जागतिक कनिष्ठ विजेता झाला. परंतु दोनच वर्षांनी अथेन्स ऑलिंपिकमध्ये मांडीच्या दुखापतीने त्रस्त असलेला हा तरुण पहिल्याच फेरीत बाद झाला. त्याच सुमारास त्याच्या कण्यातील वक्रतेचे निदान झाले. म्युनिकचे क्रीडावैद्य हान्स-विल्हेल्म म्युलर-वोलफार्ट यांचे उपचार आणि प्रशिक्षक ग्लेन मिल्स यांचे मार्गदर्शन त्याला लाभले.

त्याचा कणा सरळ करण्यात आला नाही. पोट, पाठ व कंबर यांचे स्नायू एवढे बळकट करण्यात आले, की वाकडा कणा भक्कम आधारावर राहावा. हे काम एका ऋतूचे नव्हते. कारकीर्द संपेपर्यंत नित्यनेमाने करावयाचे ते व्रत होते. २००८ मध्ये बीजिंग येथे ९.६९ आणि १९.३० सेकंद अशा वेळा नोंदवून त्याने दोन सुवर्णपदके मिळविली, तेव्हा अथेन्सच्या अपयशाला चार वर्षे लोटली होती.

अमेरिकेतील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातील पीटर वेयंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोल्टच्या धावेचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली समोर आले. त्याचा उजवा पाय डाव्यापेक्षा सुमारे १३ टक्के अधिक कमाल बलाने जमिनीवर आदळतो आणि डावा पाय सुमारे १४ टक्के अधिक काळ जमिनीवर टिकतो, असे त्यांना आढळले. जगातील सर्वांत वेगवान मनुष्याची दोन पावले एकसारखी पडतच नव्हती! ही विषमता त्याच्या शरीराने आपल्या ठेवणीशी साधलेली तडजोड असावी आणि ती बळेच काढून टाकल्याने वेग वाढेलच असे नाही, असे या अभ्यासकांचे मत पडले.

यावरून वाकडेपणा लाभदायक असतो, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. ठेवणीतील दोष व क्रीडेतील यश यांचा संबंध सरळसोट नाही, एवढेच यातून दिसते. शरीर हळूहळू जुळवून घेते. त्याला त्यासाठी बळ आणि अवधी मिळाला पाहिजे.

जेथे ठेवणीचा हिशेब चुकतो

अवधी न मिळाल्यास काय होते, हे क्रिकेटमधील वेगवान गोलंदाजांकडे पाहिल्यावर कळते. चेंडू टाकताना पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या अनेक पट बल वर चढते आणि त्याच क्षणी कंबर मागे वाकते, एका बाजूला झुकते व वळतेही. या तिन्ही हालचालींचा एकत्र भार कंबरेच्या खालच्या मणक्यांच्या मागील बारीक भागावर येतो. तेथे सूक्ष्म तडा जातो. उजव्या हाताने गोलंदाजी करणाऱ्यांत हा तडा बहुधा डाव्या बाजूला आढळतो.

ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली १९७३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात अशाच अस्थिभंगाने जायबंदी झाला. पुढे शिस्तबद्ध व्यायाम व बदललेली शैली यांच्या साहाय्याने तो १९७४-७५ च्या हंगामात परतला आणि ३५५ कसोटी बळी घेऊन निवृत्त झाला. आपल्या जसप्रीत बुमराहला २०१९ मध्ये कंबरेच्या ताणभंगामुळे विश्रांती घ्यावी लागली. २०२२ मध्ये पाठीच्या दुखण्याने त्याचा ट्वेन्टी-२० विश्वचषक हुकला, मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो आयर्लंडविरुद्ध मैदानात उतरला. २०२४ च्या विश्वचषकात तो स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील ब्रूस इलियट आदी संशोधकांनी दाखवून दिले, की खांदे एका दिशेला आणि श्रोणी दुसऱ्या दिशेला ठेवून, म्हणजे ‘मिश्र’ शैलीने चेंडू टाकणाऱ्यांना कंबरेच्या दुखापतीचा धोका अधिक असतो. येथे ठेवणीचा खरा अर्थ स्पष्ट होतो. आरशासमोर स्थिर उभे राहिल्यावर शरीर कसे दिसते, यापेक्षा भार येण्याच्या क्षणी खांदे व कंबर परस्परांशी कसे वागतात, हे महत्त्वाचे. त्याच्या जोडीला भाराचे मान येते. मणक्यांची हाडे पूर्ण पक्व व्हायला विशी ओलांडावी लागते. म्हणून इंग्लंडसारख्या देशांत कुमार गोलंदाजांनी एका टप्प्यात व एका दिवसात किती षटके टाकावीत, याची वयानुसार मर्यादा ठरवून दिलेली आहे. आपल्याकडे मात्र शाळेचा संघ, क्लब आणि उन्हाळी शिबिर अशा तिन्ही ठिकाणी एकच मुलगा गोलंदाजी करतो आणि त्याची एकूण बेरीज कोणीच ठेवीत नाही. दुकानाच्या पै-पैची खतावणी ठेवणाऱ्या घराने मुलाच्या षटकांचीही नोंद ठेवावी, हे उचित होय.

‘सरकलेली’ कंबर

हाडे बसवून देण्याचा धंदा करणारे बहुधा एकच वाक्य सांगतात, ‘कंबर सरकली आहे.’ वस्तुतः त्रिकास्थी व कटिअस्थी यांच्यामधील सांधा अत्यंत घट्ट असून त्यात अगदी थोड्या अंशांचीच हालचाल होते. स्वीडिश संशोधकांनी १९९८ साली हाताने दाबून केलेल्या अशा उपचाराआधी व नंतर हाडांची स्थिती अतिशय सूक्ष्म मापनाने तपासली. उपचारानंतर बाह्य तपासणीत सुधारणा दिसत होती, परंतु हाडे जागची हललेली नव्हती. कटकन आवाज येतो, काही काळ आराम पडतो, हे खरे. तो आराम स्नायूंचा ताण सैल झाल्यामुळे असू शकतो. हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा नव्हे.

छायाचित्रे व अहवाल यांच्याबाबतही विवेक हवा. १९९४ साली अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींच्या कण्याचे एमआरआय काढण्यात आले. त्यांपैकी सर्व चकत्या निर्दोष असलेले केवळ ३६ टक्के निघाले, आणि ५२ टक्के लोकांत किमान एका ठिकाणी चकती बाहेर फुगलेली होती. दोन पायांच्या लांबीत काही मिलीमीटरांचा फरक तर बहुतेकांत असतो. म्हणून अहवालातील प्रत्येक ओळ म्हणजे रोग नव्हे. दुखते कोठे, कोणत्या हालचालीने दुखते आणि कोणते काम जमत नाही, यावरूनच तज्ज्ञ निर्णय घेतात. पायांतील फरक न मोजता बुटात उंचवट्याचा तुकडा घालणे हेही वजन न करता माल विकण्यासारखेच आहे.

मुलींचा प्रश्न

वरील विवेचनाचा एक अपवाद फार मोलाचा आहे. वाढत्या वयातील स्कोलिओसिस दुर्लक्षून चालत नाही. कण्याचा बाजूचा वळसा १० अंशांहून अधिक असला तर त्याला हे नाव देतात आणि किशोरवयीन मुलांपैकी सुमारे २ ते ३ टक्के मुलांत तो आढळतो. सौम्य वळसा मुलामुलींत जवळजवळ सारखाच असला, तरी तो वाढत जाण्याचे प्रमाण मुलींमध्ये कितीतरी अधिक आहे. दहा ते पंधरा वर्षांचा, झपाट्याने उंची वाढण्याचा काळ यात निर्णायक असतो. बहुसंख्य मुलांत याचे कारण सापडत नाही. जड दप्तर, वाकून बसणे किंवा खेळ यांमुळे तो होत नाही. त्यामुळे मुलीला वा तिच्या आईला दोष देण्याचे काहीच कारण नाही.

इंग्लंडचे शल्यचिकित्सक विल्यम ॲडम्स यांनी १८६५ साली सुचविलेली तपासणी घरीही करता येते. पाय जुळवून, गुडघे सरळ ठेवून मुलीला पुढे वाकावयास सांगावे आणि आईने मागून पाहावे. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा वर आलेली दिसली, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. वळसा साधारण २५ ते ४० अंशांचा असून वाढ शिल्लक असेल, तर पाठीला बांधावयाचा ब्रेस सुचविला जातो. अमेरिका व कॅनडातील रुग्णालयांनी मिळून केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा वळसा वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांपर्यंत पोहोचला नाही. केवळ देखरेखीखाली ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. दिवसातील जितके अधिक तास ब्रेस घातला, तितका लाभ अधिक झाला. साहजिकच लपविण्यात गेलेले प्रत्येक वर्ष उपचाराच्या संधीतून वजा होते.

अनेक घरांत हे लपविले जाते, ते पुढे सोयरीक जुळविताना अडचण येईल या भीतीने. येथे अमेरिकेची गोल्फपटू स्टेसी लुईस हिचे उदाहरण ध्यानात घ्यावे. अकराव्या वर्षी निदान झाल्यावर तिने सुमारे साडेसात वर्षे दररोज १८ तास ब्रेस घातला. तरीही वळसा पुरेसा थांबला नाही आणि महाविद्यालयात जाण्यापूर्वी तिच्या कण्यात धातूची एक सळई व पाच स्क्रू बसवावे लागले. गोल्फचा फटका म्हणजे कंबर व कणा यांचा पिळाच. तरीही २०११ मध्ये तिने आपली पहिली मोठी स्पर्धा जिंकली आणि मार्च २०१३ मध्ये ती जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचली. ब्रेस उतरवण्याची जी थोडी मुभा तिला होती, तीत ती खेळत असे. सौम्य वक्रता असलेल्या मुलीचा खेळ बंद करणे सहसा आवश्यक नसते. उलट, खेळाने टिकून राहणारे बळच तिच्या कामी येते. शस्त्रक्रियेनंतर कोणता खेळ व केव्हा, हे मात्र शल्यचिकित्सकांनीच ठरवावे.

घरी करण्याजोगे

गादीवर, गल्ल्यावर किंवा संगणकासमोर तासन्‌तास बसणाऱ्यांच्या खुब्याच्या पुढील बाजूचे स्नायू आखडू शकतात व नितंबाचे स्नायू शिथिल पडतात. अशी व्यक्ती रविवारी एकदम टर्फवर क्रिकेट वा बॅडमिंटन खेळावयास उतरली, की दुखापतीला आमंत्रण मिळते. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालणे हा सर्वांत सोपा उपाय होय.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅक्गिल यांनी तीन साधे व्यायाम प्रचलित केले. पहिल्यात उताणे झोपून, कंबरेखाली हात ठेवून, डोके व खांदे किंचित उचलावयाचे. दुसऱ्यात कुशीवर झोपून कोपर व गुडघा किंवा पाऊल यांच्या आधारे कंबर उचलून धरावयाची. तिसऱ्यात हात-गुडघ्यांवर रांगण्याच्या अवस्थेत एक हात व विरुद्ध बाजूचा पाय लांबवावयाचा. प्रत्येक स्थिती आठ-दहा सेकंद टिकवून पुन्हा करावी. धावण्याचे खेळ खेळणाऱ्यांनी गुडघ्यांवर उभे राहून, जोडीदाराला घोटे धरावयास सांगून, शरीर सरळ ठेवीत सावकाश पुढे झुकण्याचा ‘नॉर्डिक’ व्यायामही करावा. त्याने मांडीच्या मागील स्नायूंच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर येतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. आरंभी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली शिकून घेणे इष्ट.

काही लक्षणांत मात्र विलंब करू नये. खेळणाऱ्या मुलाची कंबर मागे वाकताना दोन-तीन आठवडे सतत दुखत असेल, दुखण्याने रात्री झोपमोड होत असेल, पायात बधिरपणा वा अशक्तपणा येत असेल, तर तज्ज्ञांची भेट घ्यावी. लघवी वा शौचावरील नियंत्रण सुटल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

बोल्टच्या अखेरच्या शर्यतीत, ऑगस्ट २०१७ मध्ये लंडन येथे, त्याच्या डाव्या मांडीचा मागील स्नायू धरला आणि तो अंतिम रेषेपूर्वीच कोसळला. शरीराची निगा कधी एकदाची पूर्ण होत नाही, दररोज नव्याने करावी लागते. मुलांची पाठ पुस्तकातील चित्राइतकी सरळ असावी, असा आग्रह पालकांनी धरू नये. वाढीच्या वर्षांत दर काही महिन्यांनी ती मागून पाहावी, शंका आल्यास उघडपणे बोलावे, योग्य वेळी योग्य तज्ज्ञाकडे जावे आणि मुलामुलींना मैदानापासून तोडू नये.